जुना डेस्कटॉप टीव्हीखाली लावलाय, विषय हार्ड!

घरात इंटेलच्या चौथ्या जनरेशनच्या आय थ्री प्रोसेसरचा पीसी पडून होता, ४ जीबी रॅमवाला. विकायला काढला असता तर दोस्तांच्या मिसळीपुरते पैसे आले असते, म्हणून म्हटलं टीव्हीलाच जोडूया. आता घरी येणारा प्रत्येक जण पहिलं विचारतो, ग्राफिक कार्ड कुठलं घातलंस भावा? काहीच नाही घातलं. फुल एचडी पिक्चरला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बास होतंय. फक्त एचईव्हीसी म्हणजे एच २६५ या पद्धतीनं दाबून लहान केलेल्या फाइल लावल्या की सगळा लोड प्रोसेसरवर येतो, कारण इंटेलच्या ग्राफिक्समध्ये त्याचं डिकोडिंग, म्हणजे फाइल उलगडून चित्र दाखवणं, नीट सुरू झालं ते सहाव्या जनरेशनपासून, आणि १० बिटवालं, म्हणजे जास्त रंगछटांचं, सातव्यापासून. फोर केचा हट्ट असेल तर हा डबा सोडून द्या.

विंडोज काढून लिब्रेईएलईसी नावाची टीव्हीसाठीची छोटी लिनक्स सिस्टीम टाकली. पेनड्राइव्हवरून दहा-पंधरा मिनिटात होतंय, पण ते अख्खी डिस्क पुसतं हां, म्हणून छोटी एसएसडी वेगळी लावली आणि पिक्चरची जुनी हार्ड डिस्क इन्स्टॉल करताना काढूनच ठेवली. पीसी चालू केला की डायरेक्ट कोडी उघडतं, डेस्कटॉप वगैरे भानगडच नाही. कोडी म्हणजे पिक्चर-गाणी लावायचं सॉफ्टवेअर, आपलं जुनं एक्सबीएमसी, २०१४ ला नाव बदललं. पिक्चरच्या नावापुढं कंसात साल लिहायचं, मग पोस्टर, नटांची नावं सगळं आपोआप येतं.

एक सेटिंग मात्र कराच, प्लेअरमधलं 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट'. पिक्चर असतो २४ फ्रेमचा आणि टीव्ही चालतो ६० वर, मग एक फ्रेम तीनदा, दुसरी दोनदा असं दाखवावं लागतं, आणि कॅमेरा हळू फिरला की चित्र बारीक बारीक झटके खातं. एकदा ते दिसायला लागलं की दुसरं काही दिसत नाही राव. कडा कापल्या जात असतील तर ते टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' नाहीतर 'स्क्रीन फिट' करून जातंय.

खरी कटकट रिमोटची. पीसीच्या एचडीएमआयला बहुतेक वेळा सीईसी नसतं, म्हणजे टीव्हीचा रिमोट पीसीला कळत नाही. मी मोबाइलवर कोडीचं 'कोरे' नावाचं रिमोट अ‍ॅप घेतलं, कोडीत एचटीटीपीवरून कंट्रोलला परवानगी दिली, झालं काम. पण आई म्हणाली, "मला त्या मोबाइलात घालू नको, बटण दे." मग बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, लाइट आली की पीसी चालू व्हावा असं सेट केलं, आता भिंतीवरचं एकच बटण दाबलं की टीव्ही आणि पीसी दोन्ही सुरू, पुढचं सगळं छोट्या वायरलेस कीबोर्डच्या बाणांवर. याचा तोटा पावसाळ्यात कळतो, बोर्डचं बटण चालू राहिलं आणि रात्री लाइट जाऊन आली की हॉलमधे पंखा घुर्र करत हा गडी जागा. बंद करताना आधी कोडीच्या पॉवर मेनूतून शटडाउन, मग बोर्ड, हे आईला पाठ झालंय.

पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरची पेस्ट बदलली, आवाज निम्म्यावर आला.

आमच्याकडं सगळ्यात जास्त काय बघितलं जातं माहितीय का? लग्नाच्या व्हीसीडी. सीडीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डीएटी फाइल कॉपी करून नावाच्या शेवटी डीएटीच्या जागी एमपीजी करायचं, लागतंय. चित्र ३५२ बाय २८८ चं, मोठ्या टीव्हीवर मावशीचं तोंड चौकोनी दिसतं, पण सगळी ओळखतात बरोबर. त्याच्या शेजारच्या फोल्डरला 'अयोध्येचा राजा' आहे, १९३२ चा, प्रभातनं इथंच कोल्हापुरात काढलेला, पुण्याला जायच्या आधी. आजोबा तो आवाज मोठा करून बघतात.

ओटीटीसाठी मात्र हा प्रकार करू नका. कोडीत ते अ‍ॅडऑन घालून चालवायचं म्हणजे आज चालतंय, उद्या बंद. त्याला सरळ टीव्हीत खोचायची एक स्ट्रीमिंग स्टिक घ्या. आमची दुसऱ्या एचडीएमआयला आहे, इनपुट बदलायचं बटण आईला येतं.