‘प्रार्थना करतो’ म्हणालात, मग पुढं काय?

दोह्यात आमचा रविवार शुक्रवारी येतो. कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी सगळे कामावर, म्हणून उपासनाही शुक्रवारी. मेसेमीर भागात सगळ्या चर्चेसना मिळून एक आवार दिलंय. बाहेरून क्रूस दिसत नाही, फाटकावर तपासणी होते; आत मात्र मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, सगळ्यांच्या उपासना. त्या गर्दीत आम्ही मूठभर मराठी.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ साली आले. तेव्हापासून आपल्याकडं चर्चच्या मंडळीत चार-पाच पिढ्या वाढलेली घरं आहेत. उपासना संपली तरी आवारातून पाय निघत नाही. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ठेवलंय, हे न विचारता कळतं. इथं विचारल्याशिवाय काहीच कळत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची नोकरी गेलेली असते आणि तो आपल्याबरोबर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हणत असतो.

म्हणून आमच्यातल्या एका नर्सताईंनी वही घातली. साधी शंभरपानी. डावीकडं नाव आणि प्रार्थनेचा विषय, उजवीकडं जागा कोरी. पुढच्या शुक्रवारी त्या वही उघडतात आणि नाव घेऊन विचारतात, ‘व्हिसाचं काय झालं?’ ‘आईची शुगर उतरली का?’ मग कोऱ्या जागेत उत्तर लिहितात. काही जागा कित्येक महिने कोऱ्याच राहतात, तरी विचारणं थांबत नाही. एका दादानं मला सांगितलं, प्रार्थनेपेक्षा पुन्हा विचारलं याचाच जास्त आधार वाटला. पाळकांना हे आवडणार नाही कदाचित, पण मला पटलं. आपण ‘प्रार्थनेत आठवण करतो हं’ किती सहज म्हणतो, आणि चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरतो.

बाकीची कामं अगदी साधी आहेत. इंडस्ट्रियल एरियात राहणाऱ्या पोरांकडं गाडी नसते, त्यांना आळीपाळीनं आणायचं-सोडायचं. रात्रपाळी करून आलेल्या बहिणीला घरी स्वयंपाक करायला लागू नये म्हणून डबा द्यायचा. नोकरी गेलेल्याचा बायोडेटा कुणीतरी बसून नीट करून द्यायचा. पैसे द्यायचे तर चारचौघांत नाही. आणि कौतुक करायचं तर नेमकं करायचं: ‘छान झालं’ नको, ‘दुसऱ्या कडव्याला पेटी सावरलीस म्हणून आम्ही सुरात राहिलो’ असं सांगायचं. पेटी वाजवणारा पोरगा पुढच्या वेळी लवकर येऊन सराव करत बसला होता.

दुःखाच्या घरी मात्र आपण कोल्हापूरकर फार बोलतो. गेल्या गेल्या ‘देवाची इच्छा’ आणि पाठोपाठ बायबलची दोन वचनं. त्याच बायबलात सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तिथवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. इथं एकाचे वडील गावाकडं वारले, त्याला लगेच निघता येईना. आमच्यातले दोघं त्याच्या खोलीवर रात्रभर थांबले. चहा केला, घरच्यांचे फोन घेतले, तिकिटाचं बघितलं. वचन कुणीच वाचलं नाही.

आता तुमच्याकडं एक मागणं. ज्यांची मुलं बाहेर आहेत अशी म्हातारी माणसं तुमच्या मंडळीत आहेत. ‘मुलगा कधी येणार?’ हे त्यांना सगळेच विचारतात, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडं नसतं. त्यापेक्षा ‘डोळ्यांच्या डॉक्टरकडं कधी जायचंय?’ असं विचारा आणि त्या दिवशी रिक्षा घेऊन दारात या. प्रभुभोजनाचा विधी असेल त्या रविवारी त्यांना घरून घेऊन जा. गुडघ्यांमुळं येणं होत नसेल तर महिला मंडळाची प्रार्थना एखाद्या महिन्यात त्यांच्याच घरी ठेवा, पण चहा तुम्ही घेऊन जा. नाहीतर काकू सकाळपासून पोहे करायला उभ्या राहतील.