नेवार्क ते फैजपूर : साडेचौदा तासांचा हिशेब

गेल्या जानेवारीत आजी गेली. फोन आला तेव्हा इथे न्यू जर्सीत मंगळवारच्या रात्रीचे नऊ वाजले होते आणि फैजपूरला बुधवारचे सकाळचे साडेसात. आमच्या कार्यालयात आजीच्या निधनासाठी तीन दिवसांची रजा मिळते. आणखी दिवस मागितले, तेव्हा वरिष्ठ अतिशय सौजन्याने म्हणाले, की आता तर थेट विमान आहे, पंधरा तासांत घरी पोहोचाल. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, तरीही ते वाक्य मला अजून सलते.

नेवार्क ते मुंबई हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे, परंतु ते पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेले अंतर आहे. सपाट नकाशा पाहून वाटते त्याप्रमाणे ही वाट आफ्रिका आणि अरबस्तानावरून जात नाही, तर उत्तरेकडे वळून आइसलंड, नॉर्वे आणि रशिया यांच्यावरून खाली उतरते. रशियाने 2022 मध्ये अमेरिकी कंपन्यांना आणि पाकिस्तानने 2025 च्या एप्रिलमध्ये भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले, त्यामुळे विमानांना वळसे पडू लागले. पूर्वेकडे येताना उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून मला साडेचौदा तास लागले. परतताना तेच वारे समोरून आले आणि सोळा तास झाले.

बुधवारी दुपारी एकचे विमान गुरुवारी दुपारी दोनला मुंबईत उतरले. जळगावला विमानतळ आहे, पण तिकडे जाणारे विमान माझ्या वेळेशी जुळत नव्हते. सामान घेऊन, वाहतुकीतून वाट काढत दादर गाठले आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहिली. भुसावळपर्यंतच्या जेमतेम साडेचारशे किलोमीटरना सात तास लागले, म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडायला लागलेल्या वेळाच्या जवळजवळ निम्मे. तरीही ती गाडी मला कधी संथ वाटली नाही. पहाटे डब्यात आपली बोली कानावर पडली तेव्हाच मला पोहोचल्यासारखे वाटले. तापीचा पूल ओलांडून, केळीच्या बागांमधून शुक्रवारी सकाळी सातला मी दारात उभा राहिलो. फोन आल्यापासून साडेसत्तेचाळीस तास झाले होते.

अग्निसंस्कार बुधवारी संध्याकाळीच उरकले होते. पुण्याहून निघालेले माझे काकाही त्या वेळेपर्यंत पोहोचू शकले नव्हते, तरी परदेशी गेलेल्यालाच तेवढे विचारले जाते की, "भाऊ, वेळेवर निघाला नव्हतास का?" मी फोननंतरच्या पहिल्या थेट विमानाने निघालो होतो. बाबांना ते ठाऊक होते. सावडायला जायची सगळ्यांची तयारी झालेली असूनही, मी येईपर्यंत त्यांनी कोणालाही उठू दिले नाही.

प्रवासाचे दिवस रजेत धरू नयेत, असा अर्ज मी परतल्यावर कार्यालयात दिला आहे. त्यात किलोमीटर लिहिले नाहीत. दारापासून दारापर्यंतचे तास लिहिले आहेत.