पाय ४ च्या डबीत पाय ५: जुनी भोकं बुजवायचं काम

झाकणाची जाळी मागच्या नोंदीत उरकली. आता राहिलं ते मुख्य काम. रास्पबेरी पाय ४ या छोट्या एका-बोर्डाच्या संगणकासाठी कुणीतरी केलेली, मला मनापासून आवडलेली एक थ्रीडी प्रिंटची डबी आहे, तिच्यात पाय ५ बसवायचा. बोर्ड दोन्हींचा ८५ बाय ५६ मिमी, माउंटिंगची भोकं दोन्हींची ५८ बाय ४९ मिमीवर. त्यामुळे आतले खांब, तळ आणि झाकण जसंच्या तसं चालतं. नडतात ती भिंतीतली भोकं. २०१९ साली पाय ४ आला तेव्हा इथरनेट आणि यूएसबीने जागांची अदलाबदल केली. २०२३ च्या पाय ५ मध्ये ती परत उलटली. ३.५ मिमीचा ऑडिओ जॅक तर गेलाच, त्याच्या आसपासच्या जागेत आता कॅमेरा-डिस्प्लेचे कनेक्टर आले. म्हणजे लांब भिंतीवर एक गोल भोक बिनकामाचं आणि आखूड भिंतीवर तीन खाचा उलट्या क्रमात. शिवाय झाकणावर मूळ डिझायनरचा कोरलेला लोगो, जो मला नको आहे.

हातात फक्त स्टेप फाइल आहे, म्हणजे एका कॅड (डिझाइन) सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आकार न्यायचा फॉरमॅट. मूळ प्रोजेक्ट असता तर फीचर ट्रीमध्ये (मॉडेल घडवतानाच्या पायऱ्यांच्या यादीत) जाऊन ते पॉकेट, म्हणजे भोक पाडायची पायरी, सप्रेस (बंद) केलं असतं आणि ही नोंद तीन ओळींत संपली असती. स्टेपमधून आपल्याला तयार आकार मिळतो. तो कुठल्या क्रमाने घडला, हे त्यात येत नाही. फ्रीकॅड या मोफत कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडली की झाडात एकच मुका सॉलिड (भरीव आकार) दिसतो. भोक हे त्या सॉलिडच्या लेखी ‘भोक’ नसतंच, ते फक्त एकमेकांना चिकटलेले काही फेस (पृष्ठभागाचे तुकडे) असतात.

भोक बुजवायचं म्हटलं की बहुतेकांचा हात पहिल्यांदा एक ठोकळा काढून तिथे ठोकायला जातो. कधी कधी तेच बरोबर असतं, पुढे येईलच. पण आधी फेस म्हणजे काय ते बघू. बी-रेप मॉडेलमध्ये (आकार त्याच्या बाहेरच्या पृष्ठांवरून सांगणाऱ्या) प्रत्येक फेसचे दोन भाग असतात: खाली एक अखंड सरफेस, आणि त्यातला कुठला तुकडा खरा धरायचा हे सांगणाऱ्या कडांच्या माळा, म्हणजे वायर. एक बाहेरची वायर, आणि भोकं असतील तर प्रत्येक भोकासाठी आत एकेक. भोक पाडल्याने सरफेसला काहीच होत नाही. तो भोकाखालीही तसाच पसरलेला असतो, फक्त तेवढा भाग मोजायचा नाही अशी खूण झालेली असते. म्हणून भोक बुजवताना नवं काही भरायची गरज नसते. भोकाच्या भिंतींचे फेस काढले आणि आतली वायर पुसली की काम झालं. सपाट भिंतीवर याचा फायदा फारसा जाणवत नाही. घुमटी झाकणावर मात्र हाच सगळा खेळ आहे.

फ्रीकॅडच्या पार्ट वर्कबेंचमधलं डीफीचरिंग हेच करतं. मागचा कर्नल (भूमितीचा हिशेब करणारं इंजिन) ओपन कॅस्केड, त्याच्या ७.३ आवृत्तीत (२०१८) ही सोय आली आणि फ्रीकॅड ०.१८ (२०१९) मध्ये ती मेनूत दिसायला लागली. नको असलेले फेस निवडायचे आणि कमांड द्यायची. शेजारचे फेस ताणले जातात, एकमेकांना जिथे छेदतात तिथे नव्या कडा तयार होतात, आणि जखम मिटते. अर्थात शेजारी ताणले जाऊन एकमेकांना भेटणार असतील तरच. प्लेन आणि सिलिंडर कितीही ताणता येतात, बी-स्प्लाइनला (मुक्त वळणांच्या सरफेसला) ती मुभा नाही.

जॅकचं भोक

सर्वांत सोपं. भिंत २ मिमी, आरपार भोक ७ मिमी व्यासाचं आणि प्लगचं जाड टोक आत जावं म्हणून बाहेरून ११ मिमीचा, १ मिमी खोल खळगा. निवडायचे फेस तीन वाटतात: लहान सिलिंडर, मोठा सिलिंडर आणि मधली चकती. प्रत्यक्षात पाच होते. काही सॉफ्टवेअर सिलिंडर दोन अर्ध्या फेसमध्ये तोडून स्टेपमध्ये लिहितात आणि मागचा अर्धा समोरून दिसत नाही. मॉडेल फिरवून तो निवडल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक जरी फेस सुटला तरी तोच ‘शेजारी’ धरला जातो, आणि अर्धा सिलिंडर ताणून काही मिटत नाही. अशा वेळी ओपन कॅस्केडचा स्वभाव असा: जे फीचर काढता येत नाही ते तसंच ठेवायचं, बाकीची काढायची. त्यामुळे कमांड बिनबोभाट चालली म्हणजे भोक गेलंच असं समजू नका.

मी डोळ्यांवर विसंबत नाही, घनफळ बघतो. पायथन कन्सोलमध्ये आधीच्या आणि नंतरच्या शेपचं व्हॉल्यूम घ्यायचं आणि वजाबाकी करायची. खळग्याचे π × ५.५² × १ = ९५.०३, भोकाचे π × ३.५² × १ = ३८.४८, एकूण १३३.५१ घन मिमी. फरक तेवढाच आला. हा हिशेब करायला दोन मिनिटं लागतात, पण आत एखादा पोकळ कप्पा राहिला असेल तर इथेच पकडला जातो. चेक जिऑमेट्रीही चालवावं, पण ते सॉलिड वैध आहे एवढंच सांगतं. आपल्याला हवा तोच आकार आहे का, ते सांगत नाही.

झाकणावरचा लोगो

इथे वेळ गेला आणि मजाही आली. झाकण वरून हलकं घुमटी आहे, सरफेस बी-स्प्लाइन, त्यावर ०.६ मिमी खोल अक्षरं. ठोकळा ठोकायची पद्धत इथे कामाची नाही. ठोकळ्याचा माथा सपाट, घुमट वाकडा. कुठे उंचवटा राहील, कुठे खड्डा, आणि चकचकीत फिलामेंटमध्ये तो डाग लांबूनही दिसेल. उलट डीफीचरिंगला मूळ घुमट आयता मिळतो, कारण अक्षरांखाली तो सरफेस शाबूत आहे. बी-स्प्लाइन हवी तेवढी ताणता येत नाही ही अडचणही इथे येत नाही, अक्षरं घुमटाच्या हद्दीतच बसली आहेत.

अडचण निवडीची. प्रत्येक अक्षराच्या वळणांना डझनावारी चिंचोळे फेस. एकेक टिचकी मारत बसण्यापेक्षा वरून दिसणारा व्ह्यू लावून बॉक्सने घटक निवडायची कमांड वापरली. ती घुमटाचा मोठा फेसही उचलते, तो कंट्रोल दाबून सोडून द्यायचा. हे विसरलं तर आपण झाकणाचा माथाच काढायला सांगतोय.

आणखी एक बारकावा. ‘ओ’ किंवा ‘ए’ सारख्या अक्षरांच्या पोटात बेट असतं. बेटाचा माथा घुमटाच्याच सरफेसवर असतो, पण फेस म्हणून तो वेगळा. दिसायला तो झाकणाचाच भाग वाटतो, म्हणून निवडीतून सुटतो. त्यालाही ‘नको’ यादीत घातलं की अक्षर सफाईने जातं. मी एकेक अक्षर वेगळं काढलं. एकदम सगळी निवडून चालवलं तर कुठलं अडलं ते शोधत बसावं लागतं.

जाता जाता: ही डबी क्रिएटिव्ह कॉमन्स बाय परवान्याखाली आहे. लोगो खोडला म्हणून श्रेय खोडता येत नाही. बदललेली फाइल पुढे देताना मूळ डिझायनरचं नाव, परवाना आणि काय बदललं ते वर्णनात लिहायचंच. आपल्यातले बरेच जण हे टाळतात, ते बरं नाही.

आखूड भिंतीच्या खाचा

पाय ४ च्या ड्रॉइंगप्रमाणे या तीन कनेक्टरांचे मध्य कडेपासून ९, २७ आणि ४५.७५ मिमीवर: दोन यूएसबी, मग इथरनेट. बोर्ड वरून खाली सोडायचा असल्याने खाचा वरच्या कडेला उघड्या आहेत. त्यात भिंतीच्या माथ्यावर झाकण अडकायला आतल्या बाजूने एक पायरी काढलेली. म्हणजे प्रत्येक खाच बाहेरची भिंत, आतली भिंत, माथा आणि पायरीचे फेस इतक्यांना तोडून गेली आहे. खाचांमधल्या दोन बारक्या खांबांचे माथे तर मूळ माथ्यापासून सुटून वेगळे फेस झालेत. एकेक खाच डीफीचरिंगने मिटवता येईलही, पण कशासाठी? ते खांब मला नकोच आहेत. पूर्ण पट्टा नवा करणं सरळ.

इथे ठोकळाच योग्य, पण साधा आयत काढून नाही. पायरीसकट भिंतीचा छेद हवा. तो मोजून काढत बसण्यापेक्षा मॉडेलमधूनच घेतला: शेवटची खाच आणि कोपऱ्याचा ३ मिमीचा फिलेट (गोलाई) यांच्यामध्ये थोडी अखंड भिंत उरली आहे, तिथे पार्टमधलं क्रॉस-सेक्शन्स चालवलं. मिळालेल्या वायरीतून फक्त त्या भिंतीचा भाग घेऊन फेस केला आणि तो तिन्ही खाचांवरून पलीकडच्या अखंड भिंतीत घुसेपर्यंत एक्स्ट्रूड केला, म्हणजे सरळ ओढून भरीव केला. दोन्ही टोकं शाबूत भिंतीत २-२ मिमी आत जाऊ दिली. खाचेच्या कडेला बरोबर टेकवून थांबलं तर युनियनला (दोन सॉलिड एकत्र जोडणाऱ्या कमांडला) नको तिथे चिकटवाचिकटवी करावी लागते. फिलेटपर्यंत मात्र जायचं नाही, नाहीतर गोल कोपऱ्यातून टोकदार कड बाहेर येते.

युनियननंतर रिफाइन शेप. त्याशिवाय एकाच पातळीतले जुने-नवे फेस वेगवेगळे राहतात आणि भिंतीवर नुसत्याच रेघा दिसतात. प्रिंटमध्ये त्या येत नाहीत, पण पुढे कुणी या फाइलवर फिलेट मारायला गेला तर तिथेच अडकेल. रिफाइन केल्यावर बाहेरची भिंत एकच फेस झाली.

क्रमाबद्दल

डीफीचरिंगमधून येणारा सॉलिड ही सुटी प्रत असते, मूळ बदललं म्हणून ती बदलत नाही. फ्रीकॅडच्या २०२४ च्या १.० आवृत्तीत टोपॉलॉजिकल नेमिंगचा (मॉडेल बदललं की फेस-कडांची नावं बदलून पुढच्या पायऱ्या मोडण्याचा) त्रास बराच कमी झाला असला तरी या पायरीला त्याचा उपयोग नाही. म्हणून बुजवाबुजवी आधी पूर्ण संपवायची, ते सॉलिड बॉडीत बेस फीचर (पुढच्या पायऱ्यांचा पाया) म्हणून घ्यायचं, आणि नवी भोकं डेटम प्लेनवरच्या (स्वतंत्र संदर्भ-पातळीवरच्या) स्केचमधून पाडायची. उद्या पुन्हा मागे जावं लागलं तर फक्त बेस बदलायचा, स्केचेस तशीच राहतात.

दुसरी कॅड सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: फ्यूजनमध्ये फेस निवडून डिलीट दाबलं तरी तोच परिणाम मिळतो. ऑनशेपमध्ये डिलीट फेसला हील पर्याय आहे, सॉलिडवर्क्समध्ये डिलीट अँड पॅच. शेजारी ताणण्याची अट सगळीकडे तीच. एसटीएल फाइलवाल्यांनी यातलं काही करू बघू नये, तिथे सरफेस नसतोच, नुसते त्रिकोण. भोकाच्या आतल्या भिंतीचे त्रिकोण खोडून उरलेली पोकळी मेशच्या (त्रिकोणांच्या जाळीच्या) होल-फिलने भरायची. घुमटावर साध्या होल-फिलचा पॅच बहुधा सपाट येतो आणि मग हाताने घासावा लागतो.

सध्याची स्थिती: जॅक, लोगो आणि तिन्ही खाचा गेल्या. यूएसबी-सी आणि दोन मायक्रो एचडीएमआयची भोकं जागेवर आहेत, बोर्ड घालून बघेपर्यंत त्यांना हात लावणार नाही. आखूड भिंतीवर नवी तीन भोकं पाय ५ च्या ड्रॉइंगवरून स्केच करून झालीत, पीईटीजी प्लास्टिकमध्ये फक्त ती भिंत आणि १० मिमी तळ एवढाच तुकडा छापायला लावलाय. एसडी कार्डाच्या बाजूला पाय ५ चं पॉवर बटण येतं, पाय ४ ला ते नव्हतं. तिथे नुसतं भोक ठेवायचं की भिंतीतच लवचीक जीभ कापून दाबता येईल असं करायचं, हे ठरलेलं नाही. २ मिमी भिंतीत पीईटीजीची जीभ किती लांब ठेवलीत, कुणी केलं असेल तर सांगा.