वन्संचं नाव

परवा मीटिंगहून आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. तिथे मी वन्संचं नाव सांगितलं.

दारातच एका बाईंनी हात पुढे केला, स्वतःचं नाव सांगितलं, फक्त पहिलं, आणि थांबल्या. आडनाव विचारलं नाही, कुणी पाठवलं तेही नाही. माझ्या तोंडून पटकन वन्संचं नाव निघून गेलं. खोकल्याच्या औषधाचाही आधी वास घेणारी बाई ती! तिला मी दारुड्यांच्या गटात भरती करून आले.

खोटं बोलले याचं नवल नाही, त्यात माझा हात कोण धरणार. नवल याचं की गरजच नव्हती. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्या अनामिकांची संघटना. नाव झाकायची सोय संस्थेच्या नावातच आहे. तरी मला वर आणखी एक झाकण लागलं.

फोनच्या वेळीही हेच. तीनदा नंबर लावला, तीनदा रिंग जायच्या आत कापला. चौथ्यांदा उचलला गेला. "स्वतःसाठी विचारताय, की घरातल्या कुणासाठी?" मी म्हटलं, घरातल्यांसाठी. सरळ ह्यांच्यावर ढकलून मोकळी. त्यांनी अल-अनॉनचा नंबर दिला. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी तो वेगळा गट आहे, १९५१ पासूनचा. तो मी लिहूनही घेतला, छान अक्षरात. दोन दिवसांनी पुन्हा फोन केला तर तोच आवाज. "स्वतःसाठी," म्हटलं. ओळखलं असणारच. "बरं केलंत," एवढंच म्हणाल्या. मग सगळं सांगितलं: ही बंद मीटिंग, म्हणजे ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांचीच, खुल्या मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं. फी नाही, अर्ज नाही. सोडायची इच्छा हवी, बस्स. आणि डॉक्टरांना भेटलात ना, असंही दोनदा विचारलं. रोज पिणाऱ्याने एकदम तोडली तर फिट येऊ शकते. ते मला माहीत होतं. डॉक्टरांना मात्र मी रोजचा आकडा निम्माच सांगितला होता. तो दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त केला. (हे एक खरं काम झालं या आठवड्यात.)

ह्यांनी विचारलं नाही कुठे निघालीस. त्यावर नंतर कधीतरी.

खोलीत खुर्च्या गोलात मांडलेल्या. भिंतीवर दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांचा तक्ता. पहिल्याच पायरीत, दारूपुढे आपण हतबल आहोत आणि आयुष्य हाताबाहेर गेलंय हे आम्ही मान्य केलं. 'करावं' नाही, 'केलं'. तिथेच अडकून बसले मी. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. माझ्या माहेरी हे कुणाला जमलं नसतं. एका बाईंनी बाटली लपवायची जागा सांगितली. ती इथे लिहिणार नाही, तिथलं तिथेच ठेवायचं असतं. एवढंच की ती जागा माझीही आहे.

दारातल्या बाईंनी मला पाणी दिलं. ग्लास अर्धाच भरलेला. आधी वाटलं, कंजूष दिसतात. मग ग्लास तोंडाशी नेताना हाताकडे लक्ष गेलं आणि कळलं, अर्धा का ते. न सांडता प्यायले.

माझी पाळी आली तेव्हा "आज नुसतं ऐकते" म्हटलं. चालतं म्हणे. खर्चासाठी पिशवी फिरली, मला म्हणाले तुम्ही राहू द्या. आणि शेवटी सगळ्यांनी एका सुरात वन्संचं नाव घेतलं आणि म्हणाले, परत या. रडू आलं ते तिथे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला अशा अवस्थेत पाहून परत ये म्हणत होतं, आणि तेही वन्संच्या नावावर जमा झालं. स्वतःचं स्वागतसुद्धा मी दुसरीला देऊन बसले. रात्री तेच. सकाळी तेच.

आज दुपारी त्यांनी दिलेली पुस्तिका वाचली. १९३५ साली बिल नावाचा शेअर दलाल, दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेला, परगावी सौदा फसून हॉटेलात उभा. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फोन. त्याने फोन उचलला आणि शोधत राहिला, बोलायला एखादा दारुडा मिळतो का. मिळाला तो डॉक्टर. त्या डॉक्टरने शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून, संस्थेचा जन्मदिवस धरतात. तो डॉक्टरही सुरुवातीला पाव तासाच्या वर थांबायला तयार नव्हता म्हणे, आणि बसला तासन्‌तास. वाचून जरा हसू आलं. टाळाटाळीत मी पहिली नाही तर.

तरी नावाचं काय करायचं? पुढच्या वेळी "ते माझं नाव नव्हतं" म्हणायचं, की तसंच रेटायचं? नाहीतर वर्षभराने सगळे टाळ्या वाजवतील आणि दारू वन्संची सुटलेली असेल.

हे लिहीत असतानाच वन्संचा फोन आला. कशी आहेस, बरेच दिवसांत बोलणं नाही. म्हटलं, परवापासून तुमचंच नाव घेतेय.

हे मात्र अगदी खरं होतं.