‘विचाराधीन’ कल्पनांविषयी

आमच्या कारखान्यात कॅन्टीनच्या दाराशी एक हिरवी सूचनापेटी होती. तिची किल्ली कोणाकडे असते, हे शेवटपर्यंत कळले नाही. पुढे तिची जागा कामगारांच्या सूचना नोंदवून त्यांची छाननी करणाऱ्या सॉफ्टवेअरने घेतली. ड्रिलिंग मशीनवर जॉब, म्हणजे भोक पाडायचा भाग, पटकन बसावा म्हणून मी एक साधा स्टॉपर सुचवला, तर १४ महिने पडद्यावर ‘विचाराधीन’ एवढाच शब्द दिसत राहिला.

अशा वेळी मला अमेरिकेतील थ्रीएम कंपनीची आठवण होते. तेथील शास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये मजबूत गोंद शोधताना नेमका उलटा, हलकेच चिकटणारा आणि सहज सुटणारा गोंद सापडला, तेव्हा त्याचे करायचे काय हे कोणालाच सुचेना. तरीही ते सहकाऱ्यांना त्याविषयी सांगत राहिले आणि १९७४ मध्ये, चर्चमधील स्तोत्रांच्या पुस्तकातून खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडतात म्हणून वैतागलेल्या आर्ट फ्राय या सहकाऱ्यांना तो गोंद आठवला. त्या गोंदाच्या चिकटवता-काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, म्हणजे पोस्ट-इट, अमेरिकाभर विक्रीला आल्या त्या १९८० मध्ये. तंत्रज्ञांना कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर खर्च करण्याची मुभा तेथे होती, हेही विसरता येत नाही.

सूचनांवर मतदान आणि गुणांकन करणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअर प्रणालीत तो गोंद पहिल्याच छाननीत बाद झाला असता. माझ्या मते, बाद कल्पना पुन्हा सहज सापडणे आणि प्रत्येक सूचनेला उत्तर देणारा एक माणूस नेमलेला असणे, या दोन सोयी रंगीत आलेखांपेक्षा मोलाच्या आहेत.

माझा स्टॉपर अखेर एका फिटरने भंगारातल्या पट्टीतून दुपारभरात बनवून दिला. पडद्यावर तो अजून विचाराधीन आहे.