पाच काळ्या पट्ट्या, पाच राग

आज दुपारभर पेटीच्या (हार्मोनियमच्या) फक्त काळ्या पट्ट्यांवर रमले होते. सप्तकात त्या पाचच. काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा मानला की त्यांतून सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूप राग. प्रसन्न, तिन्हीसांजेला देवघरात दिवा लागावा तसा. मग तानपुरा काळी पाचवर आणला, त्याच्या तारेला पंचमाऐवजी (प) मध्यम (म) लावला, आणि बोटं त्याच पट्ट्यांवर फिरवली. अंगावर काटाच आला. समोर साक्षात मालकंस! भूपाचा गंधार (ग) आता षड्ज (सा) झाला आणि आता ग, ध, नी कोमल ऐकू येत होते. पट्टी एकही नवी नाही.

स्वर तेच ठेवून षड्ज बदलायचा, मूर्च्छना म्हणतात ती हीच. काळी एकवरून दुर्गा, दोनवरून धानी, चारवरून मध्यमाद सारंग. माझ्या मते यात सगळ्यात मोठं काम तानपुऱ्याचं. तो बंद असेल तर कान जुन्याच षड्जाला धरून बसतो आणि रंग काही पालटत नाही.

अर्थात नुसत्या स्वरांनी राग होत नाही. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, षड्जही तोच. पण भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा. देसकार सकाळचा, धैवत (ध) धरून उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात, खेळणारा. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की देसकार लगेच डोकावतो.

घरी पेटी असेल तर आज रात्री काळी पाचवर सा धरून बघाच. मालकंसाची वेळही तीच.