गिरवलेली रेघ

रफ स्केचमध्ये जीव असतो, मग चित्र फायनल करता करता तो जातो कुठे? माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हे विचारतात, बरोबरीचे चित्रकारही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून मला जे कळलंय ते सांगते.

तो गिरवण्यात जातो.

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या एका मावशींचं स्केच केलं. आयपॅडवर, प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्ये, पाचेक मिनिटांत. जुडीवर घट्ट दाबलेला त्यांचा अंगठा मी एका दमात काढला होता. घरी आल्यावर रफचा लेयर, म्हणजे थर, फिकट केला, वर ट्रेसिंग पेपरसारखा नवा लेयर घेतला, ब्रशचं स्ट्रीमलाइन, म्हणजे रेघ आपोआप गुळगुळीत करणारी सोय, वाढवलं आणि झूम करून तोच अंगठा पुन्हा रेखला. रेघ गुळगुळीत आली, पण अंगठ्याचा जोर गेला. जुडी धरलेली वाटेना, अंगठा तिच्यावर नुसता टेकलेला वाटायला लागला.

मंडईत माझे डोळे मावशींच्या हातावर होते. घरी ते खालच्या रेघेवर होते, ती सुटू नये एवढीच काळजी. स्वतःची सही हळूहळू गिरवून बघा, तुमचीच असून खोटी वाटेल. त्यात स्ट्रीमलाइन हाताची थरथर काढतं तसे झटके आणि कोपरेही बोथट करतं.

म्हणून आता रफ मी खाली ठेवत नाही, बाजूला ठेवते आणि त्याच्याकडे बघत नव्याने काढते. स्ट्रीमलाइन शून्यावर, झूम नाही, हात खांद्यापासून मोकळा. रेघ फसली तर दोन बोटांनी टॅप करून, म्हणजे अनडू करून, अख्खी पुसते आणि अख्खी पुन्हा ओढते. तुकडा जोडत नाही, कारण जोड दिसतोच. अनडूमुळे उत्स्फूर्तपणा मरतो असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. तो अंगठा मला अकराव्या खेपेला मिळाला आणि ती अकरावी रेघही एका दमातलीच होती.

आणि सफाई मला हवीच असते, फक्त तिच्या जागी. मावशींच्या मागे मंडईची १८८६ सालची दगडी इमारत आहे, वर अष्टकोनी मनोरा. तिथे मी पर्स्पेक्टिव्ह गाइड, म्हणजे लांबी-खोलीचा अंदाज देणाऱ्या मदतरेषा, लावला आणि दोन संध्याकाळी कमानींवर घालवल्या. घडीव दगडाची कमान वाकडी आली तर तो निव्वळ आळस दिसतो. उलट मेथीची पानं मी पहिल्या फटकाऱ्यात सोडून दिली.

नखापाशी रेघ जरा तुटली आहे. चित्र ज्यांच्यासाठी होतं त्यांनी ती जोडायला सांगितलं. मी ए-थ्री आकाराची प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘राहू द्या.’’